दारे जरूर करा, पण फळ्या फेकू नका

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे शिडाच्या नौकेच्या केबिनला लाकडी दारे करण्याविषयी आहेत. पहिल्या पत्रातील मजकूर पुढच्या उत्तरांतही लागणार असल्यामुळे पत्रे क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून सव्वीस फुटांची जुनी शिडाची नौका घेतली असून ती देवगडच्या बंदरात असते. कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणू धरून बसण्याच्या उघड्या जागेतून, केबिनमध्ये उतरण्याचे जे तोंड आहे, ते बंद करण्यासाठी तीन सुट्या आडव्या फळ्या वरून खाचेत सोडाव्या लागतात. दर वेळी त्या काढायच्या, कुठेतरी ठेवायच्या आणि पुन्हा शोधायच्या, याचा कंटाळा आला आहे. त्यांच्या जागी दोन झडपांची सागवानी दारे कोल्हापुरात करून घ्यावीत, असा विचार आहे. तोंडाची उंची सातशे मिलिमीटर असून रुंदी वर ५६० आणि खाली ५०० मिलिमीटर आहे. हा विचार योग्य आहे का, आणि माप कसे घ्यावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : विचार योग्य आहे, मात्र तो अर्धाच आहे. दारे करावीत, पण फळ्या काढून टाकू नयेत, आणि दारांची रचना अशी करावी की त्याच तोंडावर दोन्ही नांदू शकतील. याचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे.

या तोंडाला नौकानयन करणारे लोक कंपॅनियनवे म्हणतात आणि त्यातील सुट्या फळ्यांना वॉशबोर्ड. नौकेच्या सगळ्या अंगात पाणी आत शिरायला याच्याइतके मोठे भोक दुसरे नसते. मागून आलेली लाट कॉकपिटमध्ये फुटली आणि हे तोंड उघडे असले, किंवा ज्याने ते बंद केले आहे ते निखळले, तर काही क्षणांत केबिन भरते. १९७९ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि आयर्लंडच्या दरम्यान झालेल्या फास्टनेट शर्यतीत वादळाने हेच दाखवून दिले. निघालेल्या ३०३ नौकांपैकी पाच बुडाल्या, चोवीस नौका माणसांना सोडून द्याव्या लागल्या आणि पंधरा स्पर्धक मरण पावले. नंतरच्या चौकशीत ज्या त्रुटींवर बोट ठेवले गेले, त्यांत नौका कलंडल्यावर खाचेतून निसटलेल्या फळ्यांचा समावेश होता. त्यानंतर खुल्या समुद्रातील शर्यतींच्या नियमांत या फळ्या दोरीने नौकेला बांधलेल्या असाव्यात, त्या जागच्या जागी पक्क्या करता याव्यात आणि बंदोबस्ताची कडी आतून व बाहेरून, दोन्हीकडून उघडता यावी, अशा अटी आल्या. आपण शर्यतीत उतरणार नाही हे खरे. पण मे महिन्याच्या अखेरीस देवगडहून विजयदुर्गाकडे निघालेल्या माणसाला लाट काही वेगळी वागणूक देत नाही.

आता आपण दिलेल्या मापांकडे पाहू. वर ५६० आणि खाली ५००, म्हणजे तोंड खाली निमुळते आहे. फळी वरून सोडणे सोपे जावे म्हणून अनेक नौकांत ते असे ठेवतात, पण सोय होते तेथेच धोकाही आहे. अशी फळी पूर्ण उंची चढण्याआधीच दोन्ही बाजूंच्या खाचांतून मोकळी होऊन बाहेर पडते; बाजू समांतर असत्या तर तिला पूर्ण उंची चढून जावे लागले असते. दारांच्या दृष्टीनेही हा निमुळतेपणा अडचणीचा आहे. बिजागऱ्यांची रेषा वरच्या बाजूला बाहेर झुकलेली असल्यामुळे झडप बंद असताना सर्वांत उंच असते, आणि कडी काढताच ती स्वतःच्या वजनाने उघडून कॉकपिटमध्ये बसलेल्याच्या गुडघ्यावर आपटते.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. तोंडाच्या दोन्ही बाजूंना, वर तीस मिलिमीटर जाड आणि खाली शून्यावर येणारी सागवानी पाचर लावून तोंड वरपासून खालपर्यंत ५०० मिलिमीटर रुंद करून घ्यावे. वरच्या अंगाला थोडी जागा जाईल, पण माणूस सहज उतरू शकेल. फळ्यांच्या खाचा या नव्या, समांतर बाजूंवर आतल्या अंगाला घ्याव्यात आणि दारे चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, कॉकपिटकडे उघडतील अशी लावावीत. दार बाहेर उघडणारे असले, की लाटेचा दाब त्याला चौकटीवर आणखी घट्ट बसवतो; आत उघडणाऱ्या दाराला तोच दाब ढकलून देतो. घराच्या दारांची सवय असलेला सुतार नेमके उलटे सुचवील, तेव्हा त्याला हे आधीच समजावून सांगावे.

अशा रचनेत दारे बंदरातील वापरासाठी राहतात. ऊन, वारा, भुरटा चोर आणि रात्रीचे डास यांच्यासाठी ती उत्तम आहेत. बाहेर जाताना ती बिजागरीवरून उचलून केबिनमध्ये ठेवावीत आणि फळ्या सोडाव्यात. निदान सर्वांत खालची फळी तरी खाचेतच असावी, म्हणजे कॉकपिट भरले तरी ते पाणी सरळ केबिनमध्ये उतरणार नाही. हीच फळी उंबरठ्याचे काम करते. तिला ओलांडताना एकदोनदा ठेच लागेल, पण त्याची सवय होते.

मापाविषयी एवढेच, की तरंगत्या नौकेवर ओळंबा आणि पाणसळ यांचा काहीही उपयोग नसतो. नौका सतत डुलते, आणि ती किनाऱ्यावर उभी केलेली असली तरी सरळ उभी असेलच असे नाही. म्हणून कागदावर आकडे लिहून आणण्यापेक्षा पातळ प्लायवुडचा तुकडा तोंडावर धरून आतून पेन्सिलीने कडा उतरवून घ्याव्यात, त्याच आकारात तो कापून पुन्हा बसवून पाहावा, आणि वरची व बाहेरची बाजू कोणती हे त्यावर लिहावे. दोन्ही कर्ण मोजून तेही त्याच तुकड्यावर नोंदवावेत. ज्या भिंतीत हे तोंड असते, ती बहुधा मागेपुढे झुकलेली असते. तो कलही हवा तो कोन धरणाऱ्या फिरत्या गुण्याने उतरवून घ्यावा, कारण तोंडावरचे सरकते झाकण दारांच्या माथ्यावर कसे बसेल हे त्यावर अवलंबून असते. हा प्लायवुडचा तुकडा घेऊन राधानगरी आणि फोंडा घाटाच्या वाटेने परत यावे. फोनवर काढलेल्या छायाचित्रावरून दारे करण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

प्रश्न : मी सुतार आहे. वरील वाचकांनी मला हे काम विचारले आहे. घरांची दारे मी तीस वर्षे करतो आहे, पण नौकेचे काम कधी केलेले नाही. झडप अखंड फळीची करावी की चौकट-पॅनेलची, सांधे कोणते घ्यावेत, आणि फट किती ठेवावी?
— एक कारागीर, गंगावेश

उत्तर : चौकट-पॅनेलचीच, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेली फळी अशीच, करावी. या एका निर्णयावर बाकीचे सगळे अवलंबून आहे, म्हणून आकडे देऊन सांगतो.

लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण नऊ टक्क्यांवर येते. आर्द्रता पंच्याऐंशी टक्के झाली तर तेच सतरा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे एप्रिलमध्ये कोल्हापुरात वाळून बसलेले लाकूड पावसाळ्यात देवगडला गेले, तर त्यात आठ टक्क्यांचा फरक पडू शकतो. सागवान या बाबतीत सर्वांत शांत लाकडांपैकी एक आहे, तरीही वर्षावलयांना समांतर कापलेली फळी दर एका टक्क्याला आपल्या रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के फुगते आणि वलयांना काटकोनात कापलेली फळी ०.१ टक्के. आपल्या झडपेची रुंदी साधारण २५० मिलिमीटर आहे. ती अखंड आणि वलयांना समांतर कापलेल्या फळीची असेल, तर एकेक झडप पावणेचार मिलिमीटर आणि दोन्ही मिळून साडेसात मिलिमीटर फुगतील. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे उंचीची काळजी करू नये.

चौकट-पॅनेलच्या झडपेत आडव्या पट्ट्यांतील लाकडाच्या रेषा झडपेच्या रुंदीच्या दिशेने असल्यामुळे त्या पट्ट्या ती रुंदी बांधून धरतात. फुगण्यासाठी उरतात फक्त उभ्या पट्ट्या. प्रत्येक उभी पट्टी पन्नास मिलिमीटरची धरली तर चार पट्ट्यांचे दोनशे मिलिमीटर होतात आणि त्यांची फूग तीन मिलिमीटर भरते. वलयांना काटकोनात कापलेल्या पट्ट्या निवडून घेतल्या तर ती दीड मिलिमीटरच्या आसपास येते. पॅनेल मात्र आपल्या खाचेत मोकळे सोडायचे असते. खाच दहा मिलिमीटर खोल घ्यावी आणि पॅनेलची जीभ सातच मिलिमीटर आत जाईल असे पाहावे. उरलेल्या तीन-तीन मिलिमीटरांत दीडशे मिलिमीटरच्या पॅनेलची सव्वादोन मिलिमीटर फूग सहज सामावते. पॅनेलला खाचेत गोंद लावू नये. वर आणि खाली मधोमध एकेक बारीक खुंटी पुरे, म्हणजे ते दोन्हीकडे सारखे फुगेल.

फटीविषयी माझी स्वतःची फजिती सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी मे महिन्यात अशीच दारे केली होती. इथे बसवून पाहताना दोन झडपांच्या मध्ये पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही, इतकी ती नेटकी होती आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. आषाढात नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असताना मालकांचा निरोप आला, की दारे उघडतच नाहीत. झापांखाली बसून, पावसाच्या धारेत, रंधा मारून ती मोकळी केली. आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच झडपांतून बोट जाईल एवढी फट दिसू लागली. तेव्हा उन्हाळ्यात दारे करत असाल तर दोन्ही बिजागऱ्यांच्या बाजूला दीड-दीड आणि मध्ये तीन, अशी एकूण सहा मिलिमीटर फट ठेवावी. भर पावसाळ्यात करत असाल तर याच्या निम्मी पुरे, कारण लाकूड आधीच फुगलेले असते. मधली फट डोळ्यांना खुपू नये म्हणून दोन्ही झडपांच्या काठांना अर्ध्या जाडीचा पताम, म्हणजे पायरीसारखी खाच, काढून एक झडप दुसरीवर बारा मिलिमीटर चढवावी. घराच्या दारांत आपण हे करतच असाल.

सांधा मॉर्टिस-टेननचाच, म्हणजे एका पट्टीची जीभ (टेनन) दुसरीच्या भोकात (मॉर्टिस) बसवण्याचाच, असावा. कोपरे पंचेचाळीस अंशांत जोडून खिळे मारण्याचा विचार मनात आणू नये. बावीस मिलिमीटर जाडीच्या लाकडात टेनन सात मिलिमीटर जाड आणि निदान पस्तीस मिलिमीटर लांब घ्यावी. गोंद इपॉक्सी वापरावा. घरगुती फर्निचरला आपण वापरतो तो पांढरा गोंद समुद्रावर टिकत नाही. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे सांध्याचे पृष्ठभाग त्याच दिवशी ताजे कापलेले असावेत, ते स्वच्छ फडक्याने ॲसिटोन लावून पुसावेत आणि वाळताच गोंद लावावा. शिकंजा फार आवळू नये. इपॉक्सीचा पातळ थर सांध्यात राहिला पाहिजे, सगळा बाहेर निघून येता कामा नये. सागवानातील सिलिकामुळे पटाशी आणि रंध्याचे पाते लवकर बोथट होते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जी घराच्या दारात कधी करावी लागत नाही. खालच्या आडव्या पट्टीतील खाचेत पावसाचे पाणी उतरून साचते आणि चौकट नेमकी तिथूनच कुजते. त्या खाचेच्या तळातून खाली पट्टीबाहेर निघणारी चार मिलिमीटरची दोन भोके पाडावीत. पॅनेलऐवजी तिरप्या पट्ट्यांची जाळी करावयाची असेल तर ती वरच्या अर्ध्या भागातच करावी. वरच्या पट्टीचा खालचा काठ खालच्या पट्टीच्या वरच्या काठाखाली उतरेल इतकी पट्ट्यांची चढण ठेवावी आणि आतून डासांची जाळी लावावी. कोकणातला वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तरीही आत येतो. त्यासाठी आतल्या बाजूला सरकवता येईल अशी ॲक्रिलिकची पातळ तावदाने ठेवल्यास सोय होते.

लाकडासाठी टिंबर मार्केटमध्ये नवा माल पाहण्याआधी पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळते का, ते पाहावे. ते पुरते वाळलेले असते आणि त्याच्या रेषा बहुधा दाट असतात. त्यात गाडले गेलेले खिळे मात्र लोहचुंबक फिरवून शोधावेत, नाहीतर करवतीचे दात जातील. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. आपल्या दारांकडून एवढ्या आयुष्याची अपेक्षा कोणी करणार नाही.

प्रश्न : या दारांना उचलून काढता येतील अशा बिजागऱ्या लागतात, असे समजले. बाजारात मिळणाऱ्या पितळी बिजागऱ्या चालतील का? आमच्याकडे ओतकाम होते, तेव्हा आम्ही त्या स्वतःच ओताव्यात का?
— एक उद्योजक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : स्वतः ओतण्याइतके चांगले दुसरे काही नाही, आणि ही सोय कोल्हापुरात जितकी हाताशी आहे, तितकी किनाऱ्यावरील फार थोड्या गावांत असेल.

साध्या पितळेत जस्ताचे प्रमाण मोठे असते. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबीसर, भुसभुशीत तांबे उरते. बिजागरी बाहेरून शाबूत दिसते, पण एके दिवशी हातात तुकडा येतो. पितळी स्क्रूचेही तेच होते. म्हणून पंपाच्या बुशसाठी आपण जे गनमेटल ओतता, म्हणजे पंच्याऐंशी टक्के तांबे आणि कथील, जस्त व शिसे प्रत्येकी पाच टक्के, तेच इथे वापरावे. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करताना हा मिश्रधातू बिडापेक्षा अधिक आकसतो, हे आपल्या पॅटर्नमेकरला ठाऊक असेलच. पिन आठ मिलिमीटरची आणि त्याच जातीच्या काशाची किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची असावी. ३०४ ग्रेड इथे घेऊ नये; ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्षारांपुढे फरक पडतो तो त्यामुळेच. स्टेनलेस असले तरी लाकडाखाली ओलावा कोंडून राहिला आणि तिथे हवा पोहोचली नाही तर ते गंजते, म्हणून बिजागरी बसवताना तिच्या पाठीला आणि स्क्रूच्या भोकांना सीलंट भरावे.

दोन्ही झडपांच्या मिळून चार बिजागऱ्यांत पिना वरच्या दिशेलाच असाव्या लागतात, म्हणून डावीकडची जोडी आणि उजवीकडची जोडी यांचे पॅटर्न वेगळे, एकमेकांची आरशातील प्रतिमा असे लागतील. प्रत्येक झडपेवरील दोन पिनांपैकी खालची पिन वरचीपेक्षा पाच मिलिमीटर अधिक लांब ठेवावी. नौका डुलत असताना दोन्ही पिना एकाच वेळी भोकात घालणे फार त्रासाचे होते. आधी एक सापडली की दुसरी आपोआप सापडते.

वर उचलून निघणारे दार चोरालाही उचलता येते आणि नौका कलंडली तर आपणहूनही निघते. यावर उपाय म्हणून वरच्या सरकत्या झाकणाचा मागचा ओठ दारांच्या माथ्यावर उतरलेला असावा. झाकण पुढे सरकवल्याशिवाय दार वर उचलताही येऊ नये आणि उघडताही येऊ नये. मग झाकण आणि दार यांच्यामध्ये एकच कडी-कोयंडा पुरतो. ती कडी आतूनही उघडता आली पाहिजे. आत कोणी झोपलेले असताना बाहेरून सवयीने कुलूप घालणारा मित्र प्रत्येक नौकेवर एखादा तरी असतो. झडप उघडी ठेवण्यासाठीही एकेक हूक हवा, कारण भिंतीच्या कलामुळे अर्धी उघडी झडप कधीच जागेवर राहत नाही.

प्रश्न : सागवान महाग पडते. मरीन प्लायवुडची दारे केली तर?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : चालतील. प्लायवुड फुगण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, त्यामुळे फट कमी ठेवता येते. मात्र दुकानदाराने ‘मरीन’ म्हटले म्हणून समाधान मानू नये. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस ७१० हा क्रमांक प्रत्येक तक्त्यावर छापलेला पाहावा. या मानकात नमुना बहात्तर तास उकळून त्याच्या थरांमधील गोंदाची पकड तपासतात. आयएस ३०३ हे सर्वसाधारण कामासाठीचे मानक आहे. प्लायवुडचा शत्रू म्हणजे त्याचा उघडा काठ. प्रत्येक काठ, तसेच स्क्रूचे प्रत्येक भोक इपॉक्सीने तीन वेळा भिजवावे आणि काठांना सागवानी पट्टी लावावी. खरे सांगायचे तर फळ्यांसाठी अठरा मिलिमीटरचे प्लायवुड आणि दारांसाठी सागवान, ही वाटणी मला अधिक पसंत आहे.

प्रश्न : दारे तयार झाली आहेत. आमचे पॉलिशवाले मेलामाइन करू म्हणतात. करावे का? की नुसते तेल लावावे?
— एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : मेलामाइन करू नये. ते घरातल्या कपाटासाठी आहे. उन्हात कडक होऊन तडकते आणि तडकलेल्या जागेतून पाणी आत शिरून लाकूड काळे पडते. चपड्याच्या पॉलिशवर तर पाण्याचा थेंब पडला तरी पांढरा डाग उठतो.

नौकेसाठी मिळणारे, अतिनील किरणांना रोखणारे लवचिक व्हार्निश घ्यावे. पहिला थर निम्मे थिनर मिसळून पातळ करावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. त्यानंतर हळूहळू घट्ट करत एकूण सहा ते आठ थर द्यावेत आणि प्रत्येक दोन थरांच्या मध्ये बारीक पॉलिशपेपर फिरवावा. पॅनेल खाचेत घालण्यापूर्वीच त्याच्या जिभेसह पूर्ण रंगवून घ्यावे. आपली दारे जोडून झाली असतील, तर निदान आकसलेल्या ऋतूत उघडी पडणारी कोरी रेघ नंतर भरून काढावी. झडपेचे खालचे आणि वरचे टोक आपला पॉलिशवाला नक्की विसरेल, कारण उभ्या झडपेत ते दिसत नाही. पाणी मात्र तिथूनच सर्वांत अधिक शोषले जाते, तेव्हा झडप आडवी ठेवून ती टोके आधी करून घ्यावीत.

किनाऱ्यावरच्या उन्हात हे व्हार्निश दर हंगामाला एकदोन थर मागते. तेवढे करण्याची तयारी नसेल तर काहीच लावू नये. कोरे सागवान वर्षभरात रुपेरी राखाडी होते आणि तसेच टिकते. तेल लावलेले लाकूड पहिले दोन महिने फार देखणे दिसते, पण पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते आणि ती काढताना रेषांमधला मऊ भाग घासला जातो. फळ्यांना मात्र खाचेत जाणाऱ्या काठांवर व्हार्निश लावू नये. तिथे मेण घासावे, म्हणजे रात्री अंधारात, घाईच्या वेळी त्या अडकणार नाहीत.